नाइलकांठच्या रात्री

ईजिप्तमध्यें संधिप्रकाश फार वेळ टिकत नाहीं. पश्चिमेच्या वाळवंटाआड सूर्य गेला कीं थोड्याच वेळांत काळोख पसरतो, आणि दिवसभर पिरॅमिडांच्या पायथ्याशीं, कर्नाकच्या खांबांतून किंवा थडग्यांच्या भुयारांतून हिंडलेला प्रवासी आपल्या मुक्कामीं परततो. त्याचे पाय दुखत असतात, डोक्यांत राजांच्या वंशावळींचा गोंधळ माजलेला असतो, आणि जेवणास अजून अवकाश असतो. या मधल्या वेळाचें काय करावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु निरनिराळ्या काळीं त्याचीं जीं उत्तरें दिलीं गेलीं, तीं एकापुढें एक मांडलीं असतां एक लहानसा इतिहासच उभा राहतो. प्राचीन अवशेषांना रात्रीं कोणीं बोलतें केलें, कोणाच्या भाषेंत केलें, आणि त्या अवशेषांच्या सावलींत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांना त्यांत जागा किती मिळाली, हें त्या इतिहासावरून कळून येतें.

प्रथम खुद्द प्राचीन लोकांच्या रात्री पाहाव्या. ईजिप्तमधील देवळाची रचनाच अशी असे कीं, बाहेरच्या उघड्या चौकांतून जों जों आंत जावें तों तों छत खालीं येई, जमीन वर चढे आणि उजेड कमी होत जाई. अगदीं आंतल्या गाभाऱ्यांत पुजाऱ्यावांचून कोणासही प्रवेश नसे. सामान्य माणसाच्या वांट्याला देव येई तो उत्सवाच्या दिवशीं, आणि तोही पुजाऱ्यांच्या खांद्यांवरील नौकेंत, पडद्याआड बसून. सणाच्या रात्री मात्र लोकांच्या असत. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांत त्या देशांत हिंडून गेलेला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें सायस येथील अशा एका रात्रीचें वर्णन केलें आहे. त्या रात्रीं प्रत्येक गृहस्थ आपल्या घराभोवतीं उघड्यावर दिवे लावी. पसरट भांड्यांत मीठ व तेल घालून वर वात तरंगती सोडलेली असे, आणि असे दिवे रात्रभर तेवत. ज्यांना यात्रेस येणें जमत नसे तेही आपापल्या गांवीं दिवे लावीत. त्यामुळें ती रात्र एकट्या सायसची न राहतां साऱ्या देशाची होई. दिवाळीच्या पणत्यांत वाढलेल्या माणसाला हें चित्र परकें वाटूं नये.

थीब्ज, म्हणजे आजचें लक्सर, येथें दरीचा उत्सव म्हणून एक मोठा सण होत असे. आमन देवाची नौका कर्नाकहून निघून नाइलच्या पश्चिम तीरावर जाई, आणि शहरांतील कुटुंबें तिकडे आपल्या पूर्वजांच्या थडग्यांपाशीं जमत. फुलें वाहून, अन्न व मद्य यांचा नैवेद्य मृतांना दाखवून, मशालींच्या उजेडांत खाणें-पिणें व गाणें-बजावणें करीत तीं रात्र काढीत. आज ज्या थडग्यांत प्रवासी तिकीट काढून शिरतो, त्यांतील कित्येकांच्या भिंतींवर मेजवानीचीं, वीणा वाजविणाऱ्यांचीं व नर्तकींचीं चित्रें आहेत. मृतांच्या दारीं गाणें करणें हा तेव्हां घरचाच एक विधि होता. गाणारे, ऐकणारे आणि ज्यांच्यासाठीं गावयाचें ते पूर्वज, सर्व एकाच कुळांतील असत.

परक्या पाहुण्यांचा ओघ ग्रीक व रोमन अंमलांत वाढला. अलेक्झांड्रियाजवळ कॅनोपस येथें सेरापिस देवाचें जागृत स्थान होतें, आणि रोग बरा व्हावा म्हणून लोक तेथें जात. परंतु भूगोलवेत्ता स्ट्रेबो सांगतो त्याप्रमाणें, त्या वाटेवरच्या कालव्यांतून रात्रंदिवस नावा चालत, त्यांत बासऱ्या वाजत आणि स्त्रीपुरुष मोकळेपणीं नाचत. देवदर्शन आणि करमणूक यांची ही जोडी फार जुनी आहे. लक्सरच्या पश्चिम तीरावरील मेम्नॉनच्या प्रचंड पुतळ्याची कीर्ति तर अशी होती कीं, सूर्योदयाच्या सुमारास तारेचा झणत्कार व्हावा तसा आवाज त्यांतून निघे. इ. स. १३० मध्यें सम्राट हेड्रियन हा राणीसह तो आवाज ऐकण्यास गेला होता, आणि परिवारांतील ज्यूलिया बाल्बिला या विदुषीनें त्या प्रसंगाचीं ग्रीक पद्यें पुतळ्याच्या पायावर कोरविलीं. पुढें पुतळ्याची डागडुजी झाली आणि तो आवाज कायमचा थांबला. पाषाणानें आपल्याशीं बोलावें ही प्रवाशाची हौस निदान तेव्हांपासूनची आहे.

मधल्या अनेक शतकांनंतर, १७९८ च्या फ्रेंच स्वारीमुळें युरोपाचें लक्ष पुन्हा या देशाकडे वळलें आणि एकोणिसाव्या शतकांत हौशी प्रवाशांची रीघ लागली. श्रीमंत प्रवासी कैरोस दहाबिया नांवाची शिडाची घरवजा नौका भाड्यानें घेई आणि दोन-तीन महिने नाइलवर काढी. संध्याकाळीं नौका तीराला बांधली जाई. मग डेकवर खलाशी गोलाकार बसत. दरबुका म्हणजे मातीचें पडघम आणि डफ यांच्या तालावर एकजण गाई व बाकीचे टाळ्या देत. खलाशांचें हें गाणें मूळ त्यांच्यासाठींच होतें. दिवसाचे श्रम ओढण्यासाठीं जशीं गाणीं, तशीं श्रम विसरण्यासाठींही होतीं. पण ऐकणारा गोरा साहेब बक्षीस देतो हें कळल्यावर तीं त्याच्यासाठींही होऊं लागलीं. अशा कोणत्याही खेळाला नाइलकांठीं ‘फँटाझिया’ म्हणत. तो शब्द युरोपांतला. ईजिप्तच्या माणसांनीं तो पाहुण्यांसाठीं उचलला आणि आपलासा केला.

या फँटाझियांत नर्तकींचा नाच मुख्य झाला, त्यामागें एक राजाज्ञा आहे. कैरोंत गाणाऱ्या स्त्रियांचे व नाचणाऱ्या ‘घवाझीं’चे निरनिराळे वर्ग होते, त्यांतील ‘आलिमा’ या शब्दाचा मूळ अर्थ विदुषी असा आहे, आणि थोरांघरच्या जनानखान्यांत त्यांना मान असे. १८३४ मध्यें महंमद अलीनें सार्वजनिक नाचास राजधानींत बंदी केली व या स्त्रियांना दक्षिणेकडे एस्ना, केना, आस्वान या गांवीं घालविलें. राजधानींतून त्या गेल्या खऱ्या, परंतु ज्या गांवीं गेल्या तीं गांवें नेमकीं देवळें पाहण्यास निघालेल्या परदेशी प्रवाशांच्या वाटेवरचीं होतीं. १८५० मध्यें फ्रेंच लेखक फ्लोबेर एस्ना येथें अशाच एका नर्तकीच्या घरीं गेला आणि त्याच्या लेखनामुळें ती युरोपभर प्रसिद्ध झाली. राज्यानें ज्यांना लाजेखातर दूर केलें, त्याच स्त्रिया युरोपाच्या डोळ्यांपुढें ईजिप्तचें प्रतीक होऊन बसल्या. त्यांना स्वतःला काय वाटलें, हें त्यांच्या शब्दांत कोणीं लिहून घेतलें नाहीं.

लक्सर येथें या रात्रींना घरगुती स्वरूपही होतें. त्या वेळीं लक्सरचें देऊळ मातीनें अर्धें भरलेलें असून त्याच्या चौकांत व माथ्यावर लोकांचीं घरें होतीं. ल्यूसी डफ गॉर्डन ही क्षयानें आजारी इंग्रज बाई १८६४ पासून तेथेंच छतावरच्या एका घरांत राहिली, आणि गांवकऱ्यांच्या सुखदुःखाचीं तिचीं पत्रें अद्याप वाचलीं जातात. मुस्तफा आगा हा ब्रिटिशांचा वकील म्हणून काम पाहणारा वृद्ध गृहस्थ देवळाच्या खांबांमध्येंच घर बांधून होता. प्रवाशांची पत्रें पोहोंचविणें, तंटे मिटविणें आणि संध्याकाळीं त्यांना जेवावयास बोलावून नंतर गाणें व नाच करविणें, हा त्याचा हंगामी शिरस्ता होता. १८७३-७४ च्या हिंवाळ्यांत आलेल्या अमेलिया एडवर्ड्स या लेखिकेनें त्याच्या आतिथ्याबद्दल लिहिलें आहे. जमिनीवर बसून, एकाच थाळींतून हातानें जेवतांना पाहुण्यांची तारांबळ होई. पण यजमान कोण आणि पाहुणा कोण, याविषयीं कोणालाही शंका नसे. पुढें देऊळ मोकळें करण्यासाठीं हीं घरें पाडण्यांत आलीं. इतिहास त्यामुळें अधिक स्पष्ट दिसूं लागला, आणि त्या घरांतील मैफलीही त्याबरोबर संपल्या.

टॉमस कुकनें हा प्रवास मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आणला. १८६९ मध्यें त्याची पहिली टोळी नाइलवर आली, आणि थोड्याच वर्षांत कैरो ते आस्वान व परत अशी वीस दिवसांची आगबोटीची फेरी सुरू झाली. आतां संध्याकाळही वेळापत्रकांत बसली. चांदणें असेल तर जेवणानंतर गाढवांवर बसून कर्नाक पाहावयाचें, हा ठरलेला कार्यक्रम झाला. अंधाऱ्या थडग्यांत मशाली आणि मॅग्नेशियमच्या तारा पेटवीत. मशालींच्या काजळीनें भिंतींवरील रंग काळवंडत, आणि क्षणभराच्या चकचकाटासाठीं हजारों वर्षांच्या चित्रांनीं ती किंमत दिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं हॉवर्ड कार्टर हा पुराणवस्तुखात्याचा अधिकारी असतां त्यानें राजांच्या दरींतील कांहीं थडग्यांत विजेचे दिवे बसविले, त्यांत ही काजळी टाळणें हा मोठा लाभ होता.

हॉटेलांचें राज्यही याच काळांतलें. कैरोंतील शेपर्ड, पिरॅमिडांच्या अगदीं पायथ्याशीं १८८६ मध्यें उघडलेलें मीना हाउस, आणि लक्सरला १९०७ मध्यें उभें राहिलेलें विंटर पॅलेस, यांच्या दिवाणखान्यांत बँड वाजे, नाच होत, आणि खिडकींतून फारोंचीं स्मारकें दिसत. त्या स्मारकांच्या देशाचा माणूस तेथें बहुधा हातांत तबक घेऊनच दिसे. फ्रेंच कादंबरीकार प्येर लोती याला हा सारा थाट असह्य झाला. १९०९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें हिंवाळी मध्यरात्रीं पाहिलेल्या स्फिंक्सचें वर्णन केलें, विजेच्या दिव्यांनीं रात्र कशी नासली याबद्दल खेद केला, आणि आस्वानच्या धरणानें बुडत चाललेल्या फिली बेटाचा शोक केला. त्याचें दुःख खरें होतें, तथापि तोही एक प्रवासीच होता. निर्जन रात्र त्याला हवी होती ती स्वतःसाठीं.

प्राचीन ईजिप्तची कथाच रंगभूमीवर आणण्याचा मोठा प्रयोग याआधींच झाला होता. खेदीव इस्माइलच्या इच्छेनें वेर्दीनें ‘आइदा’ हें संगीतनाटक रचलें. त्याचें कथाबीज ओग्यूस्त मारियेत या पुराणवस्तुसंशोधकाचें; पोशाख व देखावे यांचीं रेखाटनें त्यानेंच प्राचीन शिल्पांवरून केलीं. जर्मनांनीं पॅरिसला वेढा घातल्यामुळें हें सामान तिकडेच अडकून पडलें, आणि पहिला प्रयोग लांबून २४ डिसेंबर १८७१ रोजीं कैरोंत झाला. कथा ईजिप्तची, भाषा इटालियन, आणि खर्च ईजिप्तच्या तिजोरीचा. तीच तिजोरी पांच वर्षांत कर्जानें बुडाली आणि १८८२ मध्यें इंग्रजांची फौज देशांत आली. हा भार एका नाटकाचा नव्हता. कालवे, रेल्वे व राजवाडे यांचें कर्ज त्याहून फार मोठें होतें. पण युरोपच्या पंक्तीला बसण्याची तीच हौस या नाटकामागेंही होती.

इंग्रजी वर्चस्वाचा शेवट जवळ आला तेव्हां, २६ जानेवारी १९५२ रोजीं, कैरोच्या दंगलींत शेपर्ड हॉटेल जळालें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें शांबोरच्या राजवाड्यापुढें एक नवी करमणूक जन्मास आली. प्रख्यात जादुगाराच्या घराण्यांतील पॉल रोबेर-ऊदँ यानें रंगीत प्रकाशाचे झोत आणि ध्वनिमुद्रित निवेदन यांच्या साह्यानें, एकही नट न आणतां, रिकाम्या इमारतीकडून तिचाच इतिहास वदविला. नासरच्या स्वतंत्र ईजिप्तनें ही कल्पना उचलली आणि १९६१ मध्यें गिझाच्या पठारावर ध्वनि-प्रकाशाचा प्रयोग सुरू झाला. प्रेक्षक वाळवंटांत खुर्च्यांवर बसतात. अंधारांतून संगीत उठतें. हिरवा, तांबडा, सोनेरी झोत एकेका पिरॅमिडावर चढतो, आणि स्फिंक्स आपण पाहिलेल्या हजारों वर्षांची हकीकत सांगूं लागतो. ठराविक वारीं ठराविक भाषा, अशी वांटणी असल्यामुळें तोच स्फिंक्स कधीं इंग्रजी बोलतो, कधीं फ्रेंच, कधीं जर्मन, कधीं अरबी. १९७२ मध्यें कर्नाकलाही हा प्रयोग आला. तेथें प्रेक्षक पहिल्या भागांत आवाजाच्या मागोमाग चौकांतून व खांबांच्या दालनांतून चालत जातात आणि शेवटीं पवित्र तलावाकांठीं बसतात. ज्या वाटेवर एके काळीं पुजाऱ्यांनाच अधिकार होता ती वाट आतां तिकिटावर खुली झाली, हें लहान परिवर्तन नव्हे.

या योजनेचे दोन गुण मान्य केले पाहिजेत. मशालींची काजळी थांबली, आणि एकट्या श्रीमंताची चांदणी रात्र शेंकडों लोकांना एकदम मिळाली. परंतु खलाशी, गाणारे व यजमान मुस्तफा आगा यांच्या जागीं आतां यंत्रांतला आवाज आला. या आवाजाला राजे ठाऊक आहेत, राण्या ठाऊक आहेत; पण स्फिंक्सच्या समोरच घरें असलेल्या नझलेत अल्-सम्मान या खेड्याशीं त्याला फारसें कर्तव्य नाहीं. त्या खेड्याच्या गच्च्यांवरून प्रयोग फुकट दिसतो. ज्यांनीं उंट व घोडे प्रवाशांना भाड्यानें देऊन दिवस काढला, ते रात्रीं आपल्याच दारचा इतिहास लांबून पाहतात. पुढें दिल्लीचा लाल किल्ला व पुण्याचा शनिवारवाडा येथेंही हीच पद्धति आली. तेव्हां हा प्रश्न एकट्या ईजिप्तचा आहे असें नाहीं.

फिलीची गोष्ट तर याहून खोल आहे. १९०२ मध्यें आस्वानचें पहिलें धरण झाल्यापासून तें बेट वर्षांतील बरेच महिने पाण्याखालीं असे, आणि प्रवासी होडींत बसून इसिसच्या देवळाच्या खांबांमधून हिंडत. १९६० ते १९७० या काळांत उंच धरण झालें. त्याच्या विजेनें खेड्यापाड्यांत दिवे आले. पण त्याच्या जलाशयांत ईजिप्तमधील न्यूबियन लोकांचा सारा मुलूख गेला आणि १९६३-६४ मध्यें सुमारें पन्नास हजार माणसांना उत्तरेकडे कोम ओंबोजवळ हलविण्यांत आलें. देवळांसाठीं जग धांवून आलें. अबू सिंबेल कापून उंचावर नेलें, फिलीचीं देवळें दगड दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभीं केलीं, आणि १९८० मध्यें तीं खुलीं झालीं. तेथेंही आतां ध्वनि-प्रकाशाचा प्रयोग होतो. काळ्या पाण्यावरून होडी जाते, आणि हरवलेल्या पतीला शोधणाऱ्या इसिसची कथा दिव्यांत उजळते. न्यूबियन खेड्यांना मात्र असें दुसरें बेट मिळालें नाहीं; तीं त्याच पाण्याखालीं राहिलीं.

म्हणूनच १९७८ च्या सप्टेंबरांतील एक प्रसंग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदानें गिझाच्या त्याच ध्वनि-प्रकाशाच्या मंचावर १४ ते १६ तारखांस तीन रात्री कार्यक्रम केले. शेवटच्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण होतें. त्यांच्याबरोबर हम्झा अल्-दीन हा न्यूबियन गायक होता. त्याचें जन्मगांव तोश्का हें धरणांत बुडालेलें होतें. तो डफासारखें तार नांवाचें वाद्य वाजवी, आणि टाळ्यांच्या ठेक्यावर आपल्या गांवचें गाणें गाई. शंभर वर्षांपूर्वीं दहाबियाच्या डेकवर खलाशांचा जो ताल उठे, त्याच्याशीं त्याचें नातें होतें. यंत्राच्या आवाजासाठीं बांधलेल्या त्या जागीं नाइलच्या जिवंत माणसाचा कंठ त्या दिवशीं ऐकूं आला.

पुढील काळांत प्रयोग अधिक भव्य झाले. १९८७ मध्यें ‘आइदा’ लक्सरच्या देवळांत झालें, आणि १९९७ च्या ऑक्टोबरांत हातशेप्सुत राणीच्या देवळापुढें. त्यानंतर एक महिना व कांहीं दिवसांनीं, १७ नोव्हेंबर रोजीं, त्याच देवळांत अतिरेक्यांनीं ५८ परदेशी प्रवासी व ४ ईजिप्शियन यांस ठार मारलें. प्रवासी येईनासे झाले, हॉटेलें ओस पडलीं, आणि होडीवाले, टांगेवाले, दुकानदार यांच्या चुली थंडावल्या. पाहुण्यांची करमणूक ही किती जणांची भाकरी आहे, हें त्या हिंवाळ्यांत कळलें. म्हणून तिची नुसती थट्टा करणाऱ्यानें हा दुसरा पक्षही ध्यानांत ठेवावा. २५ नोव्हेंबर २०२१ रोजीं कर्नाक ते लक्सर हा सुमारें पावणेतीन किलोमीटरांचा स्फिंक्सांचा मार्ग रात्रीच्या मोठ्या सोहळ्यानें उघडला, आणि आमनच्या जुन्या नौकायात्रेचा देखावा साऱ्या जगानें दूरचित्रवाणीवर पाहिला. तो मार्ग मोकळा करण्यासाठींही वाटेंतील घरें पाडावीं लागलीं होतीं.

परंतु त्याच लक्सरमध्यें एक नौका दरवर्षीं कोणत्याही सोहळ्याची वाट न पाहतां निघत आली आहे. देवळाच्या पहिल्या चौकांत अबुल हज्जाज या तेराव्या शतकांतील मुसलमान साधूची मशीद आहे. भोंवतालची माती काढल्यामुळें तिचें जुनें दार आज जमिनीपासून उंच अधांतरीं दिसतें. शाबान महिन्याच्या मध्यास या साधूचा उरूस भरतो. त्यांत गाड्यांवर नौका चढवून गांवांतून मिरवितात. लाठ्यांचे खेळ, घोड्यांच्या शर्यती व रात्रीं धिक्राचें भजन चालतें. कांहीं विद्वानांना या नौकेंत आमनच्या नौकेची आठवण दिसते, कांहींना ती ओढून आणलेली वाटते. तो वाद कसाही मिटो. त्या रात्रीं देवळाच्या भिंतीशीं जमलेल्या माणसांना आपण कोणाचे वारस आहों हें कोणी झोत टाकून सांगावें लागत नाहीं. तीं आपलीं मुलें खांद्यावर घेतात, गाडीवरची नौका पुढें ढकलतात, आणि जो प्रवासी सहज तेथें येऊन उभा राहतो त्यालाही आपल्या घोळक्यांत सामावून घेतात.